अधिवेगन, संगणक प्रक्रियकाचे

संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्याच्या क्रियेस अधिवेगन म्हणतात. व्यवहारात ती ओव्हरक्लॉकिंग या नावाने ओळखली जाते. जुन्या संगणकाकडून नवा खर्च न करता अधिक काम करून घेणे, हा तिचा मुख्य हेतू असतो. वाढीव वेगाबरोबर वाढणाऱ्या उष्णतेचा निचरा आणि वाढीव वेगावरही गणिते अचूक होत असल्याची खात्री, या दोन अटी पाळल्या तरच ही क्रिया उपयुक्त ठरते. पहिली अट न पाळल्यास यंत्राची हानी होते. दुसरी न पाळल्यास यंत्र चालू राहूनही त्यातील माहिती बिघडू शकते व हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो.

तत्त्व : प्रक्रियकातील सर्व क्रिया एका स्फटिक-आंदोलकापासून मिळणाऱ्या नियमित स्पंदांच्या तालावर चालतात. एका स्पंदाच्या आरंभी निघालेला विद्युत् संकेत ट्रँझिस्टरांच्या साखळीतून जाऊन पुढील स्पंद येण्यापूर्वी ठरलेल्या जागी स्थिर व्हावा लागतो. कंप्रता ३०० मेगॅहर्ट्‌झ असता दोन स्पंदांत सु. ३·३ नॅनोसेकंद एवढा अवधी मिळतो. ती ४५० मेगॅहर्ट्‌झ केल्यास हा अवधी सु. २·२ नॅनोसेकंदांवर येतो. सर्वांत लांब मार्गाने जाणारा संकेत या अवधीत पोहोचला नाही, तर त्या जागी आधीचे किंवा अर्धवट मूल्य नोंदले जाते आणि गणित चुकते.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील साध्या यंत्रमागाच्या उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. मागावर ताण्याच्या धाग्यांमध्ये फट उघडते, तीतून बाण्याचा धागा घेऊन धोटा पलीकडच्या पेटीत जातो आणि मग फट मिटते. विद्युत् चलित्रावरील पुली मोठ्या व्यासाची बसविल्यास मागाचा वेग वाढतो व काही मर्यादेपर्यंत कापडही अधिक निघते. परंतु फट मिटण्याआधी धोटा पलीकडे पोहोचेनासा झाला की, धागे तुटतात आणि माग थांबवावा लागतो. प्रक्रियकाच्या बाबतीत स्पंद म्हणजे फटीची उघडझाप व संकेत म्हणजे धोटा होय. दोहोंत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. मागाची चूक कापडावर दिसते. प्रक्रियकाची चूक पुष्कळदा दिसत नाही.

नेमून दिलेला वेग ही प्रक्रियकाची कमाल मर्यादा नसते. एकाच सिलिकॉन चकतीवर तयार झालेले प्रक्रियक गुणधर्मांनी तंतोतंत सारखे नसतात. निर्माते प्रत्येकाची चाचणी घेऊन त्यांची वेगानुसार वर्गवारी करतात आणि प्रतिकूल तापमान, कमी विद्युत् दाब व वयोमानाने येणारी मंदता यांसाठी काही सवड राखून वेग जाहीर करतात. स्वस्त प्रकारांना मागणी अधिक असल्यास उच्च वेगास पात्र असलेले काही प्रक्रियकही कमी वेगाचे म्हणून विकले जातात. अधिवेगन करणारा ही राखीव सवड खर्च करीत असतो. ती किती आहे, हे प्रत्येक नगाच्या चाचणीवरूनच कळते; म्हणून एकाच प्रकारच्या दोन प्रक्रियकांपैकी एक पुष्कळ वेग सहन करतो, तर दुसरा थोडाच.

इतिहास : १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकातील ८०८८ प्रक्रियक ४·७७ मेगॅहर्ट्‌झवर चाले. १९८४ च्या पीसी एटीमधील ८०२८६ प्रक्रियकाचा वेग ६ मेगॅहर्ट्‌झ होता व तो १२ मेगॅहर्ट्‌झच्या स्फटिकापासून मिळविलेला होता. हा स्फटिक काढून १६ मेगॅहर्ट्‌झचा बसविल्यास तेच यंत्र ८ मेगॅहर्ट्‌झने चाले. ही युक्ती रूढ होताच आयबीएमने पुढील यंत्रांच्या आरंभ-आज्ञावलीत वेगाची तपासणी समाविष्ट केली.

पुढे प्रक्रियकाचा वेग हा मुख्य मंडलाची मूळ कंप्रता व एक गुणक यांच्या गुणाकाराने ठरू लागला. १९९८ मधील सेलेरॉन ३००ए या प्रक्रियकात ही कंप्रता ६६ मेगॅहर्ट्‌झ व गुणक ४·५ होता. मूळ कंप्रता १०० मेगॅहर्ट्‌झ केल्यास त्याचा वेग ४५० मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे दीडपट होई आणि अनेक नग तो सहन करीत. त्यामुळे स्वस्त प्रक्रियकाकडून महागड्या प्रक्रियकाइतके काम मिळू लागले. त्याच सुमारास कमी वेगाच्या प्रक्रियकांवर अधिक वेगाचा शिक्का मारून ते विकण्याचे गैरप्रकारही घडले. गुणक कायमचा निश्चित करण्यामागे हे एक कारण होते. २००६ मधील कोअर २ ड्युओ ई६६०० (२६६ मेगॅहर्ट्‌झ × ९ = २·४ गिगॅहर्ट्‌झ) व २००७ मधील चार गाभ्यांचा क्यू६६०० हे अधिवेगनास अनुकूल प्रक्रियक होते; मूळ कंप्रता ३३३ मेगॅहर्ट्‌झ केल्यास त्यांचा वेग ३ गिगॅहर्ट्‌झ होतो. २०११ पासून इंटेलच्या बहुतेक प्रक्रियकांत मूळ कंप्रता इतर भागांशी घट्ट जोडली गेली व गुणक खुला ठेवलेल्या मोजक्या प्रकारांतच लक्षणीय अधिवेगन शक्य राहिले.

द्रव हीलियम (उत्कलनबिंदू −२६९° से.) वा द्रव नायट्रोजन (−१९६° से.) यांच्या साहाय्याने वेगाचे उच्चांकही केले जातात. २०११ मध्ये एएमडी कंपनीच्या एफएक्स मालिकेतील प्रक्रियकाने ८·४२९ गिगॅहर्ट्‌झ गाठले व २०२२ मध्ये ९ गिगॅहर्ट्‌झची मर्यादा ओलांडली गेली. हे प्रयोग अल्पकाळ टिकणारे असून नित्य वापराशी त्यांचा संबंध नाही.

उष्णतेची निर्मिती : प्रक्रियकात खर्च होणारी शक्ती ही मुख्यत्वे कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. वेग बराच वाढविताना संकेत लवकर स्थिर व्हावा म्हणून दाबही थोडा वाढवावा लागतो आणि त्यामुळे उष्णता वेगापेक्षा अधिक प्रमाणात वाढते. उदा., ६० वॉट शक्ती घेणाऱ्या प्रक्रियकाचा वेग २·४ वरून ३ गिगॅहर्ट्‌झ (१·२५ पट) आणि दाब १·२५ वरून १·३५ व्होल्ट केल्यास शक्ती सु. १·४६ पट, म्हणजे ८७ वॉटपेक्षा थोडी अधिक होते. वेगातील २५ टक्के वाढीसाठी उष्णतेत ४६ टक्के वाढ सोसावी लागते.

तापमान वाढल्याने धातूच्या वाहकांचा रोध वाढतो, ट्रँझिस्टर सामान्यतः मंदावतात व त्यांच्यातून होणारी विद्युत् गळती वाढते. या गळतीमुळे आणखी उष्णता निर्माण होते. म्हणजे तापलेल्या प्रक्रियकाला अधिक अवधी हवा असतो आणि अधिवेगनात तर तो कमी केलेला असतो. यावरून शीतन हे अधिवेगनाचे केवळ पूरक अंग नसून त्याची पूर्वअट असल्याचे दिसून येईल. उष्णतेची ही अडचण निर्मात्यांनाही चुकलेली नाही. इंटेलने ४ गिगॅहर्ट्‌झच्या पेंटियम ४ ची योजना २००४ मध्ये सोडून दिली आणि त्यानंतर वेग वाढविण्याऐवजी गाभ्यांची संख्या वाढविण्याकडे उद्योगाचा कल झाला.

शीतन : प्रक्रियकाच्या पृष्ठावरील उष्णता प्रथम धातूच्या पंखयुक्त ठोकळ्यात, मग हवेत आणि अखेरीस पेटीबाहेर जावी लागते. ॲल्युमिनियमपेक्षा तांब्याची उष्णता-संवाहकता सु. पावणेदोन पट असल्याने ठोकळ्याचा तळ पुष्कळदा तांब्याचा असतो. दोन धातुपृष्ठे वरवर सपाट दिसली, तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांतील हवा उष्णतेस अडविते. म्हणून त्यांच्यामध्ये उष्णता-संवाहक लेपाचा पातळ थर देतात. हा लेप काही वर्षांनी वाळतो. जुन्या संगणकात तो पूर्णपणे पुसून नवा लावणे व पंख्यावरील धूळ काढणे या दोन साध्या कृतींनीही तापमान लक्षणीय प्रमाणात उतरू शकते; अधिवेगनाचा विचार त्यानंतरच करावा. पेटीत पुढून थंड हवा येणे व मागून उष्ण हवा जाणे यांसाठी मार्ग मोकळा हवा. प्रक्रियकास दाब पुरविणाऱ्या नियामक मंडलावरही वाढीव भार पडतो, त्यामुळे त्यावरूनही हवा खेळती राहिली पाहिजे.

समान घनफळाच्या हवेच्या तुलनेत पाणी कित्येक हजार पट उष्णता वाहून नेते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकात प्रक्रियकांवर बसविलेल्या पट्टांतून पाणी खेळवून थेट शीतन केले जाते. घरगुती संगणकांसाठीही जलशीतनाचे संच मिळतात. मात्र पंपाचा बिघाड व गळती यांचा धोका त्यांत असतो. कोणतेही शीतन हवेच्या दवबिंदूखाली नेल्यास पृष्ठावर पाणी साचून मंडल संक्षिप्त होण्याचा संभव असतो.

हवामान व परिसर : हवेने थंड होणारा प्रक्रियक सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. शीतकाची क्षमता दर वॉटमागे तापमानात होणाऱ्या वाढीने सांगतात. ती ०·५° से. असल्यास ६० वॉटच्या प्रक्रियकाचे तापमान पेटीतील हवेपेक्षा ३०° से. अधिक व वरील उदाहरणातील अधिवेगित प्रक्रियकाचे सु. ४४° से. अधिक राहील. पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा ६° से. अधिक उष्ण मानल्यास २५° से. तापमानाच्या खोलीत या दोन अवस्थांत प्रक्रियकाचे तापमान अनुक्रमे सु. ६१° व ७५° से. होईल.

विटा हे पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात असून तेथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या आसपास जाते. तेथील पत्र्याखालच्या, वातानुकूलन नसलेल्या खोलीत हीच दोन तापमाने सु. ७६° व ९०° से. होतील. म्हणजे थंड खोलीतील अधिवेगित प्रक्रियक जेवढा तापतो, तेवढा या ठिकाणचा प्रक्रियक मूळ वेगावरच तापलेला असतो. वेग वाढविण्यास येथे उरणारी सवड त्यामुळे फारच थोडी असते. अनेक प्रक्रियक सु. ८५° ते १००° से. दरम्यानच्या ठरावीक मर्यादेवर आपला वेग आपोआप उतरवितात. तसे घडल्यास अधिवेगनाने मिळविलेला वेग शीतनाअभावी परत जातो आणि वीज मात्र अधिक खर्च होते.

यंत्रमागाच्या शेडमधील हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. शेडलगतच्या कचेरीत ठेवलेल्या संगणकाच्या पंख्यावर व ठोकळ्याच्या पात्यांमध्ये त्यांचा थर जमतो. हा थर उष्णतारोधक असून हवेचा मार्गही बंद करतो. त्यामुळे वर्षारंभी पुरेसा ठरलेला शीतक काही महिन्यांत अपुरा पडतो. अशा ठिकाणी शीतकाची नियमित सफाई करणे, संगणक जमिनीपासून उंच ठेवणे व पेटीच्या प्रवेशमार्गावर काढून धुता येईल अशी जाळी बसविणे इष्ट असते. बाष्पशीतक किंवा रोजच्या भाषेतील कूलर खोलीचे तापमान उतरवितो. परंतु त्याची ओलसर हवा थेट संगणकावर सोडू नये.

विजेचा प्रश्नही असाच महत्त्वाचा आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन दीर्घकाळ चाले. वीज अचानक जाणे व परत येताना दाब कमीजास्त होणे, यांमुळे शक्तिपुरवठा संचावर ताण येतो. अधिवेगित संगणक अधिक प्रवाह घेत असल्याने जुन्या किंवा हलक्या दर्जाच्या संचाची उरलीसुरली सवडही संपते. वरील उदाहरणातील सु. २७ वॉटची वाढ पूर्ण भाराने रोज ८ तास, वर्षातून ३०० दिवस राहिल्यास प्रक्रियकापुरतीच सु. ६५ युनिट वीज जादा लागते; शक्तिपुरवठा संचातील ऱ्हास धरता हा आकडा ८० युनिटांपर्यंत जातो.

स्थैर्य-चाचणी : वेग एकदम न वाढविता टप्प्याटप्प्याने, एका वेळी सु. पाच टक्क्यांनी वाढवितात व प्रत्येक टप्प्यावर चाचणी घेतात. संगणक सुरू झाला एवढ्यावरून तो स्थिर असल्याचे मानता येत नाही. पूर्ण भार देणाऱ्या आज्ञावली तासन्‌तास चालवून तापमान व निष्कर्ष दोन्ही पाहावे लागतात. मूळ संख्या शोधण्यासाठी तयार झालेली प्राइम९५ ही आज्ञावली यासाठी विशेष वापरली जाते. ती केलेल्या गणिताचे उत्तर आधी ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते, त्यामुळे संगणक बंद न पडताही झालेली चूक उघडकीस येते. स्मृतीसाठी मेमटेस्ट८६ सारखी स्वतंत्र चाचणी घेतात. जुन्या मंडलांवर मूळ कंप्रता वाढविल्याने स्मृती, विस्तारक पट्ट्या व काही वेळा तबकडी-नियंत्रक यांचाही वेग वाढतो. म्हणून प्रक्रियक निर्दोष असूनही तबकडीवरील लेखन बिघडल्याची उदाहरणे आढळतात.

चूक आढळलेल्या टप्प्याच्या किमान एक टप्पा मागे येऊन कायमचा वेग ठरवावा. चाचणी वर्षातील सर्वांत उष्ण काळात, दुपारी व नेहमीच्या जागी घ्यावी. पौषातील रात्री उत्तीर्ण झालेले यंत्र वैशाखातील दुपारीही स्थिर राहील, असे मानता येत नाही. चाचणीपूर्वी सर्व माहितीची प्रत वेगळ्या साधनावर घेणे आवश्यक आहे.

धोके : अधिक तापमान व अधिक प्रवाह यांमुळे वाहकांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. या विद्युत्-स्थलांतरणाने कालांतराने वाहक तुटतो किंवा शेजारच्या वाहकास भिडतो. दाबातील वाढ ही कंप्रतेतील वाढीपेक्षा अधिक हानिकारक असते. मुख्य मंडलावरील विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य तापमानातील दर १०° से. वाढीमागे साधारणपणे निम्मे होते. १९९९ ते २००७ या काळातील अनेक मंडलांवर सदोष धारित्रे बसविली गेली होती. अशा मंडलांवर फुगलेले किंवा गळणारे धारित्र दिसल्यास अधिवेगन मुळीच करू नये. २०००-०१ मधील काही ॲथलॉन प्रक्रियकांत अतितापापासून अंतर्गत संरक्षण नव्हते व शीतक निघाल्यास ते काही क्षणांत जळत. नेमलेल्या मर्यादेबाहेरील वापराने निर्मात्याची हमीही सामान्यतः संपुष्टात येते.

यांहून गंभीर धोका मूक चुकीचा आहे. यंत्र बंद पडल्यास वापरणारा सावध होतो. परंतु हिशेबातील एखादा अंक बदलला, सुताच्या खातेवहीतील नोंद बिघडली किंवा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेची फाइल अर्धवट लिहिली गेली, तर ती गोष्ट काही महिने लक्षात येत नाही आणि तोपर्यंत घेतलेल्या प्रतींतही तीच चूक उतरलेली असते. घरगुती संगणकांच्या स्मृतीत चूक-दुरुस्तीची सोय बहुधा नसते. म्हणून खेळ, चित्रफितींचे रूपांतर किंवा शिक्षणासाठी केलेले प्रयोग, म्हणजे जेथे चूक पुन्हा दुरुस्त करता येते, तेथेच अधिवेगन योग्य समजले जाते. ज्या संगणकावर दुसऱ्यांच्या पैशांची वा परीक्षांची नोंद ठेवली जाते, त्यावर ते करू नये.

पर्याय : जुना संगणक संथ होण्याचे कारण पुष्कळदा प्रक्रियक नसून अपुरी स्मृती किंवा फिरत्या तबकडीचा मंदपणा हे असते. स्मृती वाढविणे व तबकडीऐवजी घन-अवस्था साठवण बसविणे यांनी नित्य कामात जाणवणारा फरक अधिवेगनाहून बहुधा अधिक असतो आणि उष्णता वाढत नाही. मोठ्या गणनांसाठी अनेक प्रक्रियक एकत्र चालविण्याचा मार्गही आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हा महासंगणक याच समांतर पद्धतीचा होता.

उष्ण प्रदेशात अधिवेगनाच्या उलट क्रियाही उपयोगी पडते. वेग तोच ठेवून दाब थोडा उतरविल्यास, अथवा दोन्ही किंचित कमी केल्यास, उष्णता बरीच घटते, पंखा मंद चालतो व धूळ कमी ओढली जाते. अधिवेगनासाठी शिकलेले मापन, शीतन व चाचणी यांचे तंत्र येथे जसेच्या तसे लागू पडते. फरक इतकाच की, राखीव सवड येथे वेगासाठी खर्च न होता यंत्राच्या आयुष्यासाठी व नोंदींच्या अचूकतेसाठी राखली जाते.